नऊ हजारांचा एक डबा

लग्नाला चार वर्षं झाली होती, मूल नव्हतं, आणि त्यातच सप्टेंबरात मला डेंग्यू झाला. तापाला पाच आठवडेही उलटले नव्हते तोच वीर्य तपासणी करून घेतली. शुक्राणू मिलिलिटरला 70 लाख. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2021च्या पुस्तिकेत खालची मर्यादा 1 कोटी 60 लाख आहे. रिपोर्ट वाचून हातपाय गळाले. त्या रात्री एका जाहिरातीत 'मोफत सल्ला' दिसला, तिथे नंबर टाकला. दुसऱ्या दिवशी दुपारी फोन.

स्वतःला आहारतज्ज्ञ म्हणवणारा माणूस. आवाज मऊ, दर वाक्याला सर. रिपोर्ट व्हॉट्सॲपवर मागवला आणि दहा मिनिटांत निदान केलं, "सर, तुमचं फोलेट कमी पडतंय. शुक्राणूचा डीएनए त्यावरच बनतो." आता यातलं दुसरं वाक्य खोटं नव्हतं. फोलेट म्हणजे एक ब-जीवनसत्त्व, डीएनए बनायला ते लागतंच, आणि शुक्राणू रोज कोट्यवधींनी बनतात. पण वीर्याच्या रिपोर्टवरून फोलेट कसं कळलं? माझं रक्त तर कुणी तपासलंच नव्हतं. हे तेव्हा सुचलं नाही.

"परदेशातला अगदी नवा शोध," असंही तो म्हणाला. नंतर वाचलं तेव्हा हसू आलं. लुसी विल्स नावाच्या डॉक्टर 1928 साली मुंबईत आल्या, इथल्या गरोदर बायकांच्या, त्यात गिरणी कामगार बायकाही होत्या, रक्तक्षयावर त्यांनी काम केलं, आणि यीस्टच्या अर्कातल्या ज्या घटकाने त्या बऱ्या होत होत्या तेच पुढे फोलेट म्हणून ओळखलं गेलं.

मी तंबाखू खातो का, हे त्याने विचारलं नाही. खात होतो, दिवसाला दीड पुडी. ती सोडायला सांगून त्याला काय मिळणार होतं? अलीकडे ताप आला होता का, हेही नाही.

फोलेटच्या कॅप्सूलचे सहा महिन्यांचे सहा डबे, 54,000 रुपये, 'ऑफर आज रात्रीपर्यंत'. घरी विचारून सांगतो म्हटलं तर म्हणाला, "सर, मिसेसना कशाला त्रास? पुरुषाची गोष्ट पुरुषानेच निस्तरायची." मी फसलो तो इथे. फोलेट वगैरे नंतरचं. ज्या माणसाला बायकोपासूनही लपवायचंय, तो बिल नीट बघत नाही. पैसे यूपीआयने गेले आणि पावतीवर आलं 'सल्ला शुल्क'. डब्याचा उल्लेखच नाही.

जानेवारीत परत तपासणी केली. 3 कोटी 40 लाख! मीच आनंदाने रिपोर्ट पाठवला. आठवड्याभरात तो नाव झाकून जाहिरातीत आला: '90 दिवसांत जवळजवळ पाचपट'. मग पुन्हा फोन, आता आकडा टिकवायला आणखी सहा डबे.

तेव्हा कुठे यूरॉलॉजिस्टकडे गेलो. त्यांनी आधी तारीख पाहिली. "याच्या आधी ताप होता?" शुक्राणू तयार व्हायला साधारण अडीच महिने लागतात, जोराच्या तापाने तो कारभार बिघडतो आणि पुढे आपोआप रुळावर येतो. एका रिपोर्टवर निष्कर्ष काढायचाच नसतो, मध्ये अंतर ठेवून दुसरी तपासणी हवी. "डबे घेतले नसते तरी आकडा वर आला असता," ते म्हणाले. अमेरिकेतला एक अभ्यासही त्यांनी सांगितला, 2020 साली प्रसिद्ध झालेला: 2,370 जोडपी, निम्म्या पुरुषांना सहा महिने रोज 5 मिलिग्रॅम फोलिक ॲसिड, म्हणजे गोळीतलं फोलेट, आणि 30 मिलिग्रॅम झिंक, बाकीच्यांना नुसत्या दिसायला तशाच गोळ्या. बाळ झालं ते 34 टक्के आणि 35 टक्के जोडप्यांना. वीर्याच्या दर्जातही म्हणण्यासारखा फरक नाही. कमतरता असेल तर ती भरून काढावी, पण जास्तीचं फोलेट म्हणजे खत नव्हे. पालक, चवळी, हरभरा, शेंगदाणे खा म्हणाले. आणि शाकाहारी माणसाने बी12 न तपासता मोठा डोस घेऊ नये, कारण फोलिक ॲसिडने रक्त सुधारलेलं दिसतं आणि नसांचं नुकसान आत चालू राहतं.

घरी येऊन बायकोला सगळं सांगितलं. ती ओरडली नाही. तिच्या डॉक्टरांनी लिहून दिलेली फोलिक ॲसिडची पट्टी आणून तिने माझ्या डब्याशेजारी ठेवली आणि मोबाइलच्या उजेडात दोन्ही वाचली. माझ्या दिवसाच्या दोन कॅप्सूल, 300 रुपयांच्या, त्यात फोलेट 300 मायक्रोग्रॅम. तिच्या एका गोळीत 5 मिलिग्रॅम, म्हणजे माझ्या सोळा दिवसांहून जास्त, किंमत दोन रुपयांच्या आसपास. डब्याच्या तळाशी मुंगीएवढ्या अक्षरात 'औषधी उपयोगासाठी नाही'.

ग्राहक हेल्पलाइनच्या 1915वर तक्रार केलीय. पावतीवर मालाचं नाव नसल्याने घोडं अडलंय. डबे विकणाऱ्याचा नंबर बंद आहे, जाहिरात मात्र चालू आहे. त्यात माझं नाव झाकलंय, पण पहिल्या तपासणीची तारीख झाकायची राहिलीय: 14 ऑक्टोबर. माझ्या डेंग्यूच्या डिस्चार्ज कार्डावर 12 सप्टेंबर आहे.