वेटिंग एजंट, ५ लिटरचा कॅन: क्रशरवाल्याचा अनुभव (५ पैकी ४ स्टार)

सोलापूरच्या पूर्व भागात आमच्या काकांची डाइंग आहे. टॉवेलचं सूत पटकन भिजावं म्हणून ते वेटिंग एजंट घालतात. त्यांच्याच दुकानदाराकडून मी कॅन आणला, पण आमच्या दगड फोडायच्या क्रशरसाठी. क्रश सँड, म्हणजे दगड फोडून केलेली वाळू, धुतली की ७५ मायक्रॉनखालची काळ्या दगडाची पूड पाण्याबरोबर जाते. फिल्टर प्रेस, म्हणजे गाळ कापडात दाबून पाणी काढणारं मशीन, त्यातून तिचा केक (दाबलेला गाळ) निघायचा तो नुसता चिखल. डंपरमधून रस्ताभर गळायचा आणि शिव्या ड्रायव्हरला.

काका हसले. "आरं, आम्ही पाणी आत शिरावं म्हणून टाकतो, तू बाहेर काढायला?"

माल तोच. बारीक कणांच्या फटींत पाणी पृष्ठताणामुळे अडकून बसतं. साध्या पाण्याचा ताण ७२ मिलिन्यूटन प्रति मीटरच्या आसपास. कॅनमधलं सोडियम डायऑक्टिल सल्फोसक्सिनेट तो निम्म्याखाली आणतं, मग हवेला ते पाणी ढकलणं सोपं जातं.

हवेला! पहिले ३ दिवस मी औषध घालून नुसतं दाबून पाहिलं, काडीचा फरक नाही. दुकानदाराला फोनवर नको ते बोललो. मग प्रेस उघडायच्या आधी ५ मिनिटं कॉम्प्रेसरची हवा मारली. औषधाशिवाय हवा मारलेला १ किलो केक ओव्हनमध्ये वाळवला तर ७६० ग्रॅम उरायचा, औषधासह ८००. म्हणजे ओलावा २४ टक्क्यांवरून २०. रस्ता कोरडा.

पॉली (गाळ खाली बसवणारं पॉलिमर) आधी थिकनरमध्ये, म्हणजे गाळ बसायच्या टाकीत, टाकायची, गाळ बसला की औषध प्रेसच्या फीड टाकीत. थिकनरमध्ये ओतलं तर वरच्या पाण्याबरोबर निघून जातं. गाळाला चुना मारत असाल तर हे घेऊच नका, जास्त अल्कलीत ते तुटतं.

एक स्टार कापला तो फेसासाठी. आम्ही निथळलेलं पाणी परत धुलाईला फिरवतो, त्यात औषध साठत गेलं. आठव्या दिवशी टाकीवर गुडघाभर फेस, आणि वाऱ्यानं तो शेजारच्या ज्वारीत. वॉचमन म्हणाला, "साहेब, औंदा हुरडा धुवून मिळणार." शेतकऱ्याची माफी मागितली, टाकीला झाकण केलं, टनाला पाव किलोचा डोस निम्म्यावर आणला. ओलावा अर्ध्या टक्क्यानं वाढला, चालतंय.

काल दुसरा कॅन आणला. दुकानदारानं भाव तोच लावला, पण त्या फोनचा राग अजून आहे. चहा विचारला नाही.