लाल रंग फासलेला बल्ब आणि माझी अठ्ठावन्न पिल्लं

गेल्या पौषात आमच्या घरी गिरिराजा जातीच्या कोंबडीची १०४ पिल्लं आली. पैसे शंभराचे दिले होते, वरची चार जास्तीची मिळाली. तिसऱ्या दिवशी सकाळी मोजली तेव्हा ५४ उरली होती. रोग नव्हता, मांजर शिरलं नव्हतं, मुंगसानंही काही केलं नव्हतं. पिल्लं थंडीनं मेली. आणि मेली ती त्याच पेटीत, जी मी त्यांना ऊब मिळावी म्हणून ७,८०० रुपये मोजून आणली होती.

ती पेटी विकणारा माणूस अजून विकतोच आहे, म्हणून हे सगळं लिहिते आहे.

आम्ही अकोले तालुक्यातले, राजूरच्या वरच्या अंगाला राहतो. पौषात पहाटे इथं हंड्यातल्या पाण्यात हात घालवत नाही. सासूबाईंनी, म्हणजे आमच्या आत्यांनी, जन्मभर कोंबड्या पाळल्या, पण त्या खुडूक कोंबडीच्या जिवावर. खुडूक बसली की डालग्यात तूस घालून अंडी मांडायची, एकवीस दिवसांनी पिल्लं, पुढची ऊब कोंबडीच्या पंखाखाली. बारा-पंधरा पिल्लांचं असं होतं, शंभरांचं होत नाही. मी बचत गटातून कर्ज काढून शंभर पिल्लं ठरवली, तेव्हा ब्रूडर, म्हणजे पिल्लांना बाहेरून ऊब देणारी सोय, लागणारच होती.

पेटीचा व्हिडिओ मला फोनवर आला होता. पांढरी स्वच्छ पेटी, आतून थर्माकोल, वर लाल दिवा, पुढं आकडे दाखवणारा छोटा पडदा. पडद्यावर ३५ आलं की दिवा आपोआप बंद, थोड्या वेळानं परत चालू. आत पिल्लं मजेत इकडंतिकडं फिरत होती. विकणारा सांगत होता, "फुल्ल ऑटोमॅटिक, अडीचशे वॅटचा इन्फ्रारेड दिवा, शंभर ते दीडशे पिल्लं, लाइटबिल निम्मं." मी फोन केला. तो अदबीनं बोलला, प्रत्येक वाक्याला ताई म्हणाला. बिलाचं विचारलं तर म्हणाला, "बिलावर जीएसटी लागेल ताई, तुमचेच पैसे वाचवतोय." मी फोनवरूनच पैसे पाठवले. पेटी चार दिवसांत आली. तिच्यावर कुठं कंपनीचं नाव नव्हतं, पत्ता नव्हता.

त्या व्हिडिओतली एक गोष्ट मला तेव्हा दिसायला हवी होती. आतल्या पिल्लांच्या पंखांवर आणि पाठीवर चांगली पिसं फुटली होती. ती तीन आठवड्यांच्या आसपासची होती. एवढ्या पिल्लाला बाहेरची ऊब बरीच कमी लागते, व्हिडिओपुरतं ते कुठल्याही खोक्यात मजेत फिरेल. खरी ऊब लागते एका दिवसाच्या पिल्लाला. त्याच्या अंगावर नुसती लव असते, स्वतःच्या शरीराची ऊब ते धरू शकत नाही. ब्रूडरची परीक्षा असल्या पिल्लावर होते, आणि तसं पिल्लू त्या व्हिडिओत एकही नव्हतं.

पिल्लं संध्याकाळी आली. गुळाचं पाणी ठेवलं, कागदावर मक्याचा भरडा टाकला, पेटी लावली. पडद्यावर ३५. दिवा दोन-तीन मिनिटं लागायचा, विझायचा, परत लागायचा. मला बरं वाटलं, व्हिडिओत दिसलं तसंच चाललं होतं. पिल्लं मात्र दिव्याखाली एका ठिकाणी गोळा होऊन ओरडत होती. ते ओरडणं वेगळं असतं, उंच आणि सलग, थांबतच नाही. आत्या ओसरीवरून म्हणाल्या, "अगं, ती गारठलीत. उबेतलं पिल्लू असं ओरडत नाही." मी म्हटलं, "आत्या, बघा ना, पस्तीस आहे." त्यांना तो पडदा वाचता येत नव्हता. त्या पिल्लांकडंच बघत होत्या.

सकाळी पेटीच्या एका कोपऱ्यात १७ पिल्लं मरून पडलेली. चपटी झालेली, ओलसर. उबेसाठी एकमेकांच्या अंगावर चढत गेली आणि खालची गुदमरली. पेटीवाल्याला फोन लावला. त्यानं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "स्क्रीनवर पस्तीस दिसतंय ना ताई? मग मशीनचा प्रश्न नाही. पिल्लंच कमजोर आलीत, हॅचरीवाल्याला धरा." मग म्हणाला, तुमच्याकडं थंडी जास्त दिसते, त्यासाठी बूस्टर येतो, बाराशे पाठवा, उद्याच कुरिअर करतो, तोवर बटण दाबून आकडा ६० वर न्या. मी बाराशे पाठवले. ते पाठवताना हात अडखळला होता, पण समोर जिवंत पिल्लं ओरडत असताना माणूस बाराशे रुपयांचा विचार करत नाही. त्याला हे चांगलं ठाऊक असणार.

दिवसभरात आणखी ९ गेली. रात्री आकडा ६० वर ठेवला. आता दिवा विझेना. पण पिल्लं तशीच, दिव्याखाली ढीग करून. साठ अंश खरंच असते तर ती दिव्यापासून लांब पळाली असती, चोची उघडून धापा टाकत पंख पसरून बसली असती. रात्री दोनच्या सुमाराला जळका वास आला. रंग करपल्याचा आणि प्लॅस्टिकचा, दोन्ही एकत्र. उठून बघते तो दिव्याभोवतीचं थर्माकोल पिवळं पडून वितळायला लागलेलं. पिन उपटली. ओसरीला लागून सरपणाची रास होती आणि आतल्या खोलीत मुलं झोपली होती. तो वास अजूनही अधूनमधून माझ्या नाकात येतो.

उरलेली पिल्लं डालग्यात घालून आम्ही चुलीपाशी आणली. आत्यांनी पाणी तापवलं, बाटल्यांत भरून त्या गोणपाटात गुंडाळून पिल्लांमध्ये ठेवल्या. थोड्या वेळानं ओरडणं कमी झालं. उजाडलं तेव्हा या रात्रीतली मेलेली २४ मोजली.

तिसऱ्या दिवशी मी दोन मेलेली पिल्लं घेऊन तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात गेले. डॉक्टरांनी पोट उघडून दाखवलं. आत पिवळा बलक जवळजवळ तसाच होता. अंड्यातला हा बलक पिल्लाला पहिले दोन-तीन दिवस पुरतो, पण पिल्लू गारठलं की तो जिरत नाही. ते म्हणाले, "रोगाचं काही दिसत नाही. थंडी आहे ही. तापमान कुठं मोजलंत?" मी म्हटलं, पेटीवर येतंच ना. त्यांनी परत विचारलं, "पेटी ते कुठं मोजते?" याचं उत्तर माझ्याकडं नव्हतं.

येताना भिंतीवरचा साधा थर्मामीटर घेतला. गावातला वायरमन पोरगा बोलावला. पेटी रिकामी करून तिचा आकडा परत ३५ वर आणला आणि थर्मामीटर तळाशी ठेवला. तीन मिनिटांत पडद्यावर ३५ आलं, दिवा विझला. तळाशी २१.

मग त्यानं वरचं झाकण खोललं. तापमान मोजणारी वायर बल्बच्या होल्डरलाच टेपनं बांधलेली होती. म्हणजे तो पडदा पिल्लांजवळची हवा मोजत नव्हता, तापलेला होल्डर मोजत होता. बल्ब दोन मिनिटं पेटला की होल्डर तापायचा, पडद्यावर ३५ यायचं आणि बल्ब बंद. खाली ऊब पोहोचायच्या आधीच. लाइटबिल निम्मं यायचं कारण एवढंच होतं. ही चूक नव्हती, कारण खाली सोडायला केलेलं भोक पेटीला होतं आणि ते आतून चिकटपट्टीनं बंद केलेलं होतं. वायर खाली सोडली असती तर तो बल्ब पेटी कधीच गरम करू शकला नसता आणि व्हिडिओत पस्तीस आलंच नसतं. मग पोरानं बल्ब काढून ब्लेडनं रंग खरवडला. खाली साधी काच, तिच्यावर छापलेलं ६० वॅट. घरच्या पिवळ्या बल्बला लाल ऑइलपेंट फासलेला. तोच रात्री करपत होता.

डॉक्टरांनी हिशेब सांगितला होता: पिल्लामागं दोन वॅट. माझ्या पिल्लांना दोनशेच्या वर वॅट लागत होते आणि त्याच्या पेटीत साठ होते, तेही निम्मा वेळ बंद. आठवीतल्या माझ्या मुलीनंही हा गुणाकार केला असता. विकत घेण्याआधी तो मला कुणी सांगितला नव्हता, म्हणून इथं ठळकपणे सांगते आहे.

त्याच संध्याकाळी आम्ही साधा ब्रूडर केला. पत्र्याची दीड फूट उंचीची पट्टी गोल वळवली, कारण गोलात कोपरा नसतो आणि कोपऱ्यातच पिल्लं एकमेकांना चेंगरतात. खाली भाताच्या गिरणीतलं तूस तीन इंच, वर पहिले काही दिवस कागद. जुन्या पत्र्याच्या घमेल्याला भोक पाडून त्यात शंभर वॅटचे दोन बल्ब, साखळीनं टांगलेले, दीड फुटावर. साखळी अशासाठी की खाली-वर करता यावं आणि दोरीसारखी जळू नये. दोन बल्ब अशासाठी की एक गेला तरी रात्र निघावी. थर्मामीटर पिल्लांच्या पाठीच्या उंचीला, तुसापासून दोन इंचांवर. पहिल्या आठवड्याला ३५ अंश सेल्सिअस, पुढं दर आठवड्याला साधारण तीन अंश कमी, पिसं येईपर्यंत. लाइट गेली तर पाण्याच्या बाटल्या तयार. कोळशाची शेगडी बंद खोलीत ठेवू नका, तिच्या विषारी वायूनं पिल्लंही मरतात आणि माणसंही.

खर्च सगळा मिळून हजाराच्या आत. रात्री अकराला बघितलं तर पिल्लं गोलभर पसरून पडलेली, काही खात होती, काही पाय लांब करून झोपलेली. आवाज बारीक, चिवचिव एवढाच. आत्या म्हणाल्या, "आता निजा." त्या पहिल्या गारठ्यानं नंतरही ८ गेली, काहींच्या शेपटीखाली विष्ठा चिकटून बसली होती, ती कोमट पाण्यानं पुसत राहिले. एकूण ५८ गेली, ४६ जगली. सातव्या दिवशी त्यांना राणीखेत रोगावरची लासोटाची लस दिली.

पैशांचं सांगते. बूस्टर आलाच नाही. फोटो पाठवल्यावर त्यानं माझा नंबर ब्लॉक केला. ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ क्रमांकावर तक्रार नोंदवली आहे. सायबर फसवणुकीच्या १९३० या क्रमांकावर मी तीन आठवड्यांनी फोन केला, आणि तो उशीर फार महागात पडला, कारण लगेच कळवलं तर पुढच्या खात्यात पैसे अडवता येण्याची शक्यता असते. बिल नसलं तरी पैसे पाठवल्याची नोंद, त्याचे आवाजी निरोप आणि पेटीचे फोटो मी जपून ठेवलेत. जिल्हा ग्राहक आयोगात आपण राहतो तिथंच तक्रार करता येते, त्याची कागदपत्रं आता जमवते आहे. तुमच्या बाबतीत असं काही झालं असेल तर रागाच्या भरात पेटी फोडू नका, निरोप पुसू नका.

आणि घेण्याआधी विकणाऱ्याला चार गोष्टी विचारा. व्हिडिओतली पिल्लं किती दिवसांची? तापमान मोजणारी वायर कुठपर्यंत येते, ती हातात धरून दाखव. बल्बवर छापलेला आकडा जवळून दाखव. नावपत्त्याचं बिल देणार का? खरा विकणारा या प्रश्नांनी चिडत नाही. यातल्या एकाचंही उत्तर टाळलं तर पैसे पाठवू नका, मग तो कितीही वेळा ताई म्हणो.

मागच्या आठवड्यात शेजारच्या वाडीतल्या एका बाईंनी मला फोनवर एक व्हिडिओ दाखवला. नंबर नवीन, पेटी आता निळी, आवाज तोच. आत तीच पिसं फुटलेली पिल्लं. त्यांनी हजार रुपये आगाऊ पाठवले होते आणि बाकीचे दुसऱ्या दिवशी पाठवणार होत्या. मी घरी जाऊन तो अर्धा खरवडलेला बल्ब घेऊन आले आणि त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो उजेडाकडं धरून आकडा वाचला. मग आम्ही दोघींनी त्यांच्याच अंगणात बसून १९३० ला फोन लावला.