बंपर घासतो, तरी आठ गुण
मांडवी नदी ओलांडायला मी रोज सकाळी पहिली फेरीबोट धरतो. टेम्पोत नारळ आणि केळ्यांचे घड. दहापैकी आठ गुण देईन, ते खलाशांमुळे. हाताच्या इशाऱ्यावर गाड्या अशा लावून घेतात की माझा आरसा आणि शेजारची जीप यांत चार बोटं उरतात, पण ओरखडा नाही. ओहोटीला मात्र रॅम्प इतका उतरतो की मागचा बंपर घासतो. एकदा दोन घडही सुटून चिखलात गेले.

तक्रार केली की मुलगा हसतो. त्याला जहाजांचा नाद. म्हणतो, 1928 साली कॅप्टन टाउनसेंडनी 'आर्टिफिसर' हे कोळसा वाहणारं छोटं जहाज भाड्याने घेऊन इंग्लिश खाडीत डोव्हर-कॅले फेऱ्या सुरू केल्या. 15 मोटारी, 12 माणसं, आणि मोटारी चढायच्या क्रेनने! 1930 ला 'फोर्ड' आली, ती तर आधी नौदलाची सुरुंग काढणारी बोट. तिच्यावरही क्रेनच.

माझा टेम्पो केळ्यांसकट हवेत लटकलेला डोळ्यांपुढे आला. घासू दे बंपर. फक्त बोटीच्या छताचा पत्रा थोडा वाढवा हो, पावसात दुचाकीवाले चिंब होतात.