पहिली नॅशनल: यंदाच जायचं, की अजून वर्षभर बीबीओवरच खेळायचं?

नागपुरात पत्त्यांचा ब्रिज नव्याने शिकलेल्या कोणालाही नॅशनलबद्दल विचारा, उत्तर ठरलेलं: "अजून तयारी नाही हो, पुढच्या वर्षी बघू." पुढच्या वर्षीही हेच. लॅडिस आणि मेंढीकोट खेळून मोठ्या झालेल्या माणसाला राष्ट्रीय स्पर्धा म्हणजे बोर्डाची परीक्षा वाटते. म्हणून घरबसल्या बीबीओ (ब्रिज बेस ऑनलाइन ही खेळायची वेबसाइट), क्लबातली डुप्लिकेट (सगळ्या टेबलांवर तीच पानं वाटून होणारा खेळ) आणि हिवाळी राष्ट्रीय स्पर्धा या तिन्ही गोष्टी शेजारी ठेवून बघू. माझा कल लपवत नाही: बोलीची एक पद्धत पुरती येत असेल आणि ठरलेला जोडीदार असेल, तर यंदाच जावं.

सरावासाठी बीबीओला तोड नाही. रात्री अकराला जेवण आटोपून बसलं तरी टेबल मिळतं, माणसं नसली तर रोबो मिळतात. पण तिथे अडचण अशी, की यंत्र तुम्हाला चुकूच देत नाही. पाळी नसताना पान पडत नाही, रंग हातात असताना दुसरं पान टाकता येत नाही, अपुरी बोली लागत नाही. खऱ्या टेबलावर हे सगळं घडतं. समजा पहिली उतारी डावीकडच्याची होती आणि उजवीकडच्याने पान टाकलं. डिक्लेररपुढे, म्हणजे बोली जिंकून करार खेळणाऱ्यापुढे, एकदम पाच वाटा उघडतात: उतारी मान्य करून स्वतः खेळणं, मान्य करून आपली पानं मांडणं आणि खेळ जोडीदाराकडे सोपवणं, किंवा नाकारून खऱ्या उतारीवाल्याला तोच रंग खेळायला लावणं, त्या रंगाला मनाई करणं, नाहीतर पान दंडाचं म्हणून उघडं ठेवून त्याला हवं ते खेळू देणं. हे पाठ करायची गरज नाही. डायरेक्टरला, म्हणजे स्पर्धेच्या पंचाला बोलवायचं, तो सगळं सांगतो. फक्त हात वर करून "डायरेक्टर!" म्हणायची सवय लागते, आणि ती घरी बसून लागत नाही. नवखे लोक याला तक्रार समजतात. तसं काही नसतं. बोलावल्याचा राग धरणारा खेळाडूच चुकीचा.

क्लब या दोहोंच्या मधला. माणसं समोर, चहा वेळेवर, आणि कोणी उडी मारून बोली दिली की त्याच्याकडे काय आहे हे पानं न बघता कळतं! गोडवा तोच, खोटही तीच. "असू दे, उचला ते पान" म्हणणारे सज्जन नकळत वाईट सवय लावतात. दुसरं म्हणजे आकडे. पाच टेबलं असली, तर प्रत्येक बोर्डावर, म्हणजे पानांच्या एकेका वाटपावर, तुमची तुलना चारच जोड्यांशी होते, म्हणजे एकेका निकालाला २५ टक्के वजन. एकाने भलतीच स्लॅम (बारा किंवा तेरा हातांची बोली) बोलली की तुमच्या बऱ्या-वाईट खेळाचा हिशेबच बिघडतो. क्लबात ६० टक्के पडले म्हणून हुरळू नये आणि ४० पडले म्हणून खचू नये. मोठ्या स्पर्धेत तेच बोर्ड कितीतरी टेबलांवर खेळलं जातं, म्हणून तिथले ४७ टक्के मला जास्त खरे वाटतात.

आता नॅशनल. सांघिक खेळायचं की जोडीने, हा इथला खरा निर्णय. हिवाळी स्पर्धेतली मुख्य सांघिक लढत म्हणजे रुईया ट्रॉफी. "तिथे तर जग्गी शिवदासानींसारखे नामवंत खेळाडू खेळतात, आपण काय करणार?" हा प्रश्न येतोच. सुरुवातीचे सामने स्विस पद्धतीने होतात, म्हणजे जिंकणाऱ्याला जिंकणारा आणि हरणाऱ्याला हरणारा भेटतो. एखाद्या दिग्गजाकडून सडकून मार खाल्ला, तरी थोड्या फेऱ्यांत तुम्ही आपल्या तोलाच्या संघांसमोर येता. संघातली एक जोडी एका खोलीत आणि दुसरी दुसऱ्या खोलीत खेळते; सामना संपला की चौघं एकत्र बसून स्कोअर जुळवतात आणि तीच पानं घेऊन दुसऱ्या खोलीत काय झालं ते कळतं. या दहा मिनिटांत जे शिकायला मिळतं, त्यासाठी मी प्रवासखर्च आनंदाने भरीन.

गुणांची रीतही नवख्याला सांघिकमध्ये सोसते. व्हल्नरेबल असताना (म्हणजे त्या बोर्डावर बक्षीस आणि दंड दोन्ही मोठे असताना) तुम्ही चार इस्पिक बोलून दहा हात केले, ६२० मिळाले. दुसऱ्या टेबलावर तीन नो ट्रम्पमध्ये (हुकुमाविना) दहा झाले, ६३०. सांघिकमध्ये गुणांच्या फरकाचे इम्प करतात, आणि दहाच्या फरकाला शून्य इम्प. जोड्यांच्या मॅचपॉइंटमध्ये फरक किती हे न बघता फक्त कोण वर हे बघतात, म्हणून ६३० वाले सगळे तुमच्या वर. तसंच तीन नो ट्रम्पमध्ये नऊ हात पक्के असताना दहाव्याचा मोह: मिळाला तर सांघिकमध्ये १ इम्प, आणि त्या नादात करार एका हाताने पडला तर ६०० ऐवजी उणे १००, म्हणजे १२ इम्प गेले. तिथे उत्तर सरळ आहे, करार पक्का करा. जोड्यांमध्ये त्या एका हातासाठी जीव टाकावा लागतो, आणि कधी टाकायचा हे कळायला वर्षं जातात. म्हणून पहिल्या खेपेला सांघिक बरं. पण चार जण जमवणं हीच नागपुरातली रड आहे. नाहीच जमले तर जोडीने जा, घरी बसू नका.

हरल्यावरही काम उरतं. बीबीओवर मोठे सामने बघताना चारही बाजूंची पानं दिसतात, आणि चारही दिसली की आपण सगळेच शहाणे! स्पर्धेत परवानगी घेऊन एका चांगल्या खेळाडूच्या मागे गुपचूप बसा, फक्त त्याचीच पानं बघा. तो कुठे थांबतो, कुठे झटकन पान टाकतो, हे तिथेच दिसतं. पहिली उतारी पान पालथं ठेवून कशी करतात आणि जोडीदाराला प्रश्न नाही याची खात्री झाल्यावरच ते कसं उलटतात, तेही बघून घ्या. चुकीची उतारी निम्म्या वेळा याच सवयीमुळे टळते.

वयाचं कारण सांगू नका. २०१८ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत पुरुषांच्या जोड्यांचं सुवर्ण प्रणव बर्धन आणि शिवनाथ सरकार यांनी आणलं, तेव्हा ते ६० आणि ५६ वर्षांचे होते.

यंदा थांबावं असे लोकही आहेत. दर आठवड्याला जोडीदार बदलतो त्यांनी. आणि तासाला आठ बोर्ड होत नाहीत त्यांनी, कारण उशिराचा दंड पडतो आणि समोरचेही कावतात. एक सोपी कसोटी: दोघांनी वेगवेगळ्या खोलीत बसून कन्व्हेन्शन कार्ड (आपल्या बोलींचे अर्थ लिहिलेला तक्ता) भरा. डबल कधी टेकआउट (जोडीदाराला बोली द्यायला सांगणारा) आणि कधी पेनल्टी (समोरच्यांना पाडण्यासाठीचा), याची उत्तरं जुळली नाहीत तर आधी ते भांडण घरी मिटवा.

खर्च लागतोच, हे उघड आहे. पण मुंबई-हावडा आणि दिल्ली-चेन्नई हे दोन्ही मार्ग नागपुरावरूनच जात असल्याने बहुतेक ठिकाणी थेट गाडी आहे, आणि आरक्षण ६० दिवस आधी उघडतं. स्पर्धा मुंबईकडे आणि तारखा डिसेंबरातल्या असतील तर परतीचं तिकीट त्याच दिवशी काढून टाका. अधिवेशनाच्या दिवसांत रविवारी तिकडून नागपूरला यायला अख्खं मंत्रालय निघालेलं असतं.