ऑर्टिगासच्या मागच्या गल्लीतली कारिंदेरिया

कारिंदेरिया म्हणजे फिलिपिन्समधली साधी खानावळ. या खानावळीत शुक्रवारी बाराच्या आत पोचलात तरच मोंगो मिळतो, हे आधीच सांगून ठेवते. मोंगो म्हणजे आपले हिरवे मूग. लसूण-कांद्यावर परतून मऊ शिजवायचे आणि वरून कारल्याचा नाहीतर शेवग्याचा पाला टाकायचा. कॅथलिक घरांत शुक्रवारी मांस टाळायची जुनी रीत आहे, म्हणून मनिलाभर शुक्रवार हा मोंगोचा. तरी त्यात सुकी मासळी हमखास असते आणि कधी कधी डुकराचे तुकडेही, त्यामुळे शाकाहारी असाल तर वाढायच्या आधी विचारा. मी ठाण्याची, घरात मासे खाणारी, त्यामुळे माझं अडत नाही. पण पहिल्या शुक्रवारी तो मूग-भात समोर आला तेव्हा घशाशी आवंढा आला होता, हे खरं.

जागा मनिलाजवळच्या पासिग शहरात, ऑर्टिगास सेंटरच्या काचेच्या इमारतींच्या मागे. वर पत्रा, खाली सहा बाकडी. काउंटरवर दहा-बारा पातेली मांडलेली. झाकण उचलायचं, बघायचं, बोट दाखवायचं. अशा जागेला इथे तुरो-तुरोही म्हणतात, म्हणजे ‘दाखवा-दाखवा’. चमचे-काटे गरम पाण्याच्या डब्यात उभे ठेवलेले असतात, ते आपणच काढून घ्यायचे. प्लेटला पातळ प्लास्टिकची पिशवी चढवून वर भात वाढतात, म्हणजे घासायचं पाणी वाचतं. मला ते प्लास्टिक आवडत नाही. मी माझी प्लेट बिनपिशवीची मागते, आणि आता न मागता तशीच मिळते.

कारिंदेरिया हा शब्द ‘कारी’वरून, म्हणजे आपल्या करीवरून, आला असं इथले लोक सांगतात. १७६२ ते १७६४ मनिला इंग्रजांच्या ताब्यात होतं. त्यांच्याबरोबर मद्रासकडचे शिपाई आले होते आणि त्यातले काही परत गेलेच नाहीत. ते काइंतात स्थायिक झाले. काइंता इथून पूर्वेला, याच ऑर्टिगास रस्त्यावर पुढे गेलं की लागतं. गाडीला गर्दी नसेल तर लांब नाही.

चवीबद्दल थोडक्यात सांगते. मालकीणबाई बिकोल भागातल्या, त्यामुळे हात तिखट. त्यांचा लाइंग चुकवू नका: अळूची पानं नारळाच्या दुधात मिरच्या घालून आटवलेली. आपल्या फदफद्याची आठवण येते, पण हा जास्त दाट आणि जास्त झणझणीत. सिनिगांग या आंबट रश्श्यात चिंचेचा आंबटपणा नेमका असतो. अदोबो, म्हणजे व्हिनेगर आणि सोया सॉसमध्ये शिजवलेलं मांस, बरा, थोडा खारट. पिनाकबेतमध्ये भोपळा, वांगं, कारलं, चवळीच्या शेंगा सगळं असतं, पण बागोओंग म्हणजे आंबवलेल्या जवळ्याचा वास सहन होत असेल तरच घ्या. भाजी आणि भात मिळून माझे ६०-७० पेसो होतात. बुलालो, म्हणजे गाईच्या नळीचा रस्सा, कधी घेतला नाही, त्याबद्दल सांगू शकत नाही.

पण हे सगळं मी ज्यासाठी लिहायला बसले ते जेवण नव्हे. मी एका परदेशी कंपनीच्या हिशेब केंद्रात काम करते. पुरवठादारांची बिलं तपासणं, कोणी नियम मोडून पैसे सोडले का ते पाहणं हे माझं रोजचं काम. २०१८ मध्ये आले तेव्हा इथली माणसं कामात कशी वागतात यावर आम्हाला दोन दिवसांचं प्रशिक्षण दिलं होतं. त्यातलं फारसं कामाला आलं नाही. जे समजलं ते या बाकड्यावर.

पहिल्या दिवशी मालकीणबाईंनी विचारलं, “मॅम, तुम्ही बुंबाय?” मी म्हटलं, हो, मुंबईजवळचीच. नंतर कळलं की इथे सरसकट भारतीयाला बुंबाय म्हणतात, आणि त्यातही मोटरसायकलवरून फिरून कर्ज देणाऱ्या पंजाबी सावकाराला. त्यांच्या कर्जाचं नाव ‘फाइव्ह-सिक्स’: पाच घ्या, सहा फेडा. रोज दारात येऊन थोडे थोडे वसूल करतात. लहान पोरांना “बुंबाय घेऊन जाईल” म्हणून घाबरवतात, जसं आपण बागुलबुवाचं करतो. मला वाईट वाटलं होतं. त्यावर बाई म्हणाल्या, “बँकेनं मला दारात उभं केलं नाही. पहिली दोन पातेली त्याच्याच पैशांची आहेत.” व्याज जबर आहे हे त्यांना माहीत होतं. तरी त्या माणसाबद्दल त्या वाईट बोलल्या नाहीत, आजही बोलत नाहीत. वेळेला धावून आलेल्याचं देणं पैसे फेडून संपत नाही, असा तो हिशेब. त्याला इथे उतांग ना लोओब म्हणतात, आतलं देणं. आपल्याकडे मिंधेपणा म्हणतात तो याच्या जवळ जातो, पण मिंधेपणात कमीपणा आहे. इथे ते देणं विसरणारा माणूस कमी ठरतो.

एकदा मी सकाळी सहाला, रात्रपाळी संपवून, गेले. पातेली नुकतीच मांडली होती. मी शंभराची नोट दिली तर बाईंनी ती हातात घेतली आणि एकेका पातेल्याच्या झाकणावरून हलकेच फिरवली, मग केळ्यांच्या फण्यावरून, मग गल्ल्यात. म्हणाल्या, “ब्वेना मानो.” मी बघतच राहिले. ही भवानी! ठाण्याच्या मंडईत आमची भाजीवाली मावशी पहिल्या गिऱ्हाइकाची नोट कपाळाला लावून तराजूला टेकवायची, तेच. शब्द स्पॅनिश, हात तेच. त्या दिवसापासून मी त्यांची सुकी झाले. सुकी म्हणजे बांधलेलं गिऱ्हाईक, पण नातं दोन्हीकडून: दुकानदारही आपली सुकी. तिनं आपल्याला चांगला तुकडा राखून ठेवायचा, आपण शेजारच्या टपरीवर जायचं नाही. ‘मॅम’ची ‘आनाक’, म्हणजे लेक, कधी झाले ते कळलं नाही. मी त्यांना नानाय म्हणते, आई.

काउंटरच्या मागे पाटी आहे: आज उधार बंद, उद्या चालेल. आणि पाटीच्या खाली उधारीची वही. तिला लिस्ता म्हणतात. निम्मी नावं सुरक्षारक्षकांची आणि सफाईवाल्यांची. इथे पगार महिन्यातून दोनदा होतो, १५ला आणि ३०ला, कारण दोन पगारांत सोळा दिवसांहून जास्त अंतर पडू द्यायचं नाही असा कायदाच आहे. पगाराआधीच्या तीन-चार दिवसांना पेत्सा दे पेलिग्रो म्हणतात, धोक्याची तारीख. त्या दिवसांत लोक नुसता भात मागतात. बाई न बोलता त्यावर वाटीभर गरम साबाव, म्हणजे पाणीदार रस्सा, ठेवतात. साबावचे पैसे कधीच नसतात, पण धोक्याच्या तारखांना त्यात भाजी जास्त असते. मी हिशेबाची माणूस, माझ्या ते नजरेतून सुटलं नाही.

या उधारीत जोखीम किती, ते ऐका. इथे सहा महिने परीक्षाकाळ संपला की कामगाराला कायम करावं लागतं. म्हणून अनेक ठिकाणी पाचव्या महिन्यात करार संपवतात आणि नवा माणूस घेतात. या प्रकाराला इथे ‘एंडो’ म्हणतात. रक्षकाचा चेहरा बदलला की समजायचं, एंडो झाला. म्हणजे नानाय ज्याला उधार देतात तो पाच महिन्यांनी या गल्लीत असेलच असं नाही. मी विचारलं, मग देता कशाला? त्या म्हणाल्या, “उपाशी माणसाला दारावर उभं राहायला लावायचं का?” मार्च २०२० मध्ये टाळेबंदी आली तेव्हा वही भरलेली होती. पुढे बरेच जण येऊन फेडून गेले. एकजण तिकडे बिकोलमधल्या लेगास्पीहून बसनं आला होता, २४० पेसो द्यायला. काही आले नाहीत. त्या पानांवर रेघ मारलेली नाही, ती तशीच आहेत.

इथपर्यंत वाचून हे सगळं गोडच वाटेल. पण याच मायेची दुसरी बाजू मला रोज कागदावर दिसते.

पूर्वी मी जिथे काम करत होते तिथलं एक प्रकरण सांगते. एका पुरवठादाराची तीन बिलं माल आल्याच्या पावतीशिवाय मंजूर झाली होती. मंजूर करणारा मुलगा सरळ, अतिशय कामसू. पैसे खाल्ले असतील म्हणून वरिष्ठांनी चौकशी लावली. त्यानं एक पेसो खाल्ला नव्हता. पुरवठादार त्याच्या लग्नातला निनोंग होता, म्हणजे मानलेला धर्मपिता. लग्नात अशा मानलेल्या आईबापांच्या जोड्या असतात, आणि साहेबांना, ओळखीच्या मोठ्या माणसांना तो मान देतात. निनोंगला “पावती कुठे आहे?” असं विचारायचं, हे त्या मुलाला जमलं नाही. हिया आडवी आली. हिया म्हणजे लाज असं शब्दकोशात सापडेल, पण आपला नेमका शब्द भीड. भीड भिकेची बहीण, असं माझी आजी म्हणायची. नोकरी गेली त्याची. माल खरंच आला होता, हे नंतर गोदामाच्या नोंदीत निघालं. पण तोवर तो गावी गेला होता.

फिलिपिनो मानसशास्त्राचा पाया घालणारे विर्हिलियो एन्रिकेझ यांचं म्हणणं होतं की हिया, पाकिकिसामा (सगळ्यांशी जुळवून घेणं) हे सुटे सुटे गुण नव्हेत. त्यांच्या मुळाशी कापवा आहे, म्हणजे समोरचा आणि मी वेगळे नाही ही जाणीव. मला ते पटतं. म्हणून त्या मुलाला ‘भ्रष्ट’ म्हणणारे नियम मला तोकडे वाटतात. त्या प्रकरणानंतर मी माझ्या गटात एवढं केलं: नात्यातल्या माणसाचं बिल दुसऱ्यानं बघायचं, कारण द्यायची गरज नाही, नुसतं “मी नको” म्हणायचं. पहिल्याच महिन्यात चौघांनी म्हटलं. भीड मोडा असं सांगून काही झालं नसतं. तिला बाजूनं वाट करून द्यावी लागली.

आता या जागेला तारे देताना मी एक तारा का कापला ते.

डिसेंबरात नानायनी मला दुकान बंद झाल्यावर थांबवलं, तेराव्या महिन्याचा पगार काढून द्यायला. १९७५च्या हुकमानं हा इथे सगळ्या साध्या कामगारांना द्यावाच लागतो, एक महिना काम केलेल्यालाही. वर्षभरातला मूळ पगार भागिले बारा, आणि २४ डिसेंबरच्या आत. त्यांची वही स्वच्छ होती. स्वयंपाकाला मदत करणारी एक, भांडी घासणारी एक. दोघींचे आकडे काढले, पाकिटं भरली. मी विचारलं, “आणि भाची?” भाची एकोणीस वर्षांची, बिकोलहून आणलेली, पहाटे चारपासून कांदे चिरते, संध्याकाळी कॉलेजला जाते. नानाय म्हणाल्या, “ती घरची आहे. तिची फी मीच भरते.”

हे खरं होतं. फी, गणवेश, राहणं, सगळं त्याच बघतात. आणि ती मुलगी मावशीच्या उपकारांपुढे तोंड उघडणार नाही, हेही खरं. मी तिला एकदा एकटीला गाठून विचारलं होतं, तुला हातात किती मिळतात. ती हसली, “ओके लांग पो, आते,” म्हणजे ‘ठीक आहे हो, ताई’, म्हणाली आणि टोपली उचलून आत गेली. वहीत भांडीवालीचं नाव आहे, उधारीवाल्या रक्षकाचं आहे, भाचीचं नाही.

मी नानायना माझ्या सख्ख्या मावशीला सांगितलं असतं तसं सांगितलं: तिची मजुरी वेगळी लिहा, फीची मदत वेगळी लिहा. मदत मदतच राहील, पण मजुरी तिची होईल. त्या थोडा वेळ गप्प होत्या. मग “सिगे, आनाक” म्हणाल्या. सिगे म्हणजे ‘बरं’. होकारालाही तेच, आणि विषय संपवायलाही तेच. त्या वर्षी पाकिटं दोनच निघाली. येत्या डिसेंबरात हिशेबाला बसेन तेव्हा पुन्हा विचारणार आहे.

बाकी कामाच्या गोष्टी. रविवारी बंद. १५ आणि ३०ला दुपारी बाकडं मिळत नाही, कारण सगळे वही फेडायला येतात. अकराच्या आधी जा. लाइंग मंगळवारी आणि गुरुवारी असतो. हजाराची नोट नेऊ नका, सकाळी तर नकोच. आत शिरताना जेवणारा कोणीही, अगदी अनोळखी रक्षकसुद्धा, “काइन तायो” म्हणेल, आपल्या ‘या जेवायला’सारखं. हसून “सिगे पो” म्हणा आणि पुढे जा. आणि सकाळी पहिलं गिऱ्हाईक तुम्ही असाल तर नोट काउंटरवर टाकू नका, हातात द्या. त्यांना ती पातेल्यांवरून फिरवायची असते.