केटलिन क्लार्क कॉलेज टीम सोडून गेली तरी बास्केटबॉल अ‍ॅपचं सबस्क्रिप्शन चालू ठेवलं, त्याचा हिशोब

खरं सांगायचं तर हे अ‍ॅप मी फक्त आयोवा युनिव्हर्सिटीच्या महिला टीमची स्टार केटलिन क्लार्कसाठी घेतलेलं. अमेरिकन कॉलेज बास्केटबॉल लाइव्ह आणि नंतर पूर्ण रिप्ले, बास, एवढंच हवं होतं. मग एप्रिल 2024 मध्ये आयोवाच्या मुली साउथ कॅरोलायनाकडून फायनल 87-75 ने हरल्या, क्लार्क 3,951 पॉइंट्सचा रेकॉर्ड करून डब्ल्यूएनबीएत, म्हणजे महिलांच्या प्रोफेशनल लीगमध्ये गेली, केट मार्टिन गेली, गॅबी मार्शलही गेली, म्हणजे पहिल्या पाचातल्या तिघी एका झटक्यात, आणि वर मे महिन्यात कोच लिसा ब्लूडर रिटायर. रिन्यूअलचा मेसेज आला तेव्हा कॅन्सलच करणार होतो, आळसामुळे राहून गेलं.

बरं झालं राहिलं. पाचपैकी चार स्टार देतोय, एक कुठे कापला ते सांगतो.

आधी चांगलं. रिप्ले पूर्ण असतात, कापाकापी नाही, आणि टीम नव्याने उभी राहताना बघायची असेल तर हायलाइट्सचा काही उपयोग नाही हो. हायलाइट्समध्ये बॉल आत गेलेला दिसतो, पण दोन पास आधी कोण चुकीच्या जागी उभी होती ते दिसत नाही. सुरुवातीला आयोवाचे टर्नओव्हर (हातातला बॉल घालवणं) बघून डोकं फिरायचं, समोरच्यांनी जरा प्रेस लावला, म्हणजे अंगावर येऊन अडवलं की पास थेट त्यांच्याच हातात. आणि ते साहजिकच होतं म्हणा, इतकी वर्षं अडकलं की बॉल क्लार्ककडे द्यायची सवय, आता द्यायचा कुणाला? नवी कोच जॅन जेन्सन तशी नवी नाहीच, ब्लूडरची कितीतरी वर्षांची असिस्टंट, त्यामुळे घर तेच राहिलं, फक्त आतलं सामान हललं.

व्हिलानोव्हाहून आलेल्या लूसी ओल्सनला सगळे पुढची क्लार्क म्हणून बघायला लागले, ते मला अजिबात पटलं नाही. क्लार्क पार कोर्टाच्या मधल्या लोगोजवळून थ्री (तीन पॉइंट्सचा शॉट) मारायची, ही दोन ड्रिबल आत येते, गचकन थांबते आणि मिड-रेंजवरून, म्हणजे थ्रीच्या रेषेच्या आतूनच शॉट उचलते. वेगळाच खेळ. मी तो थांबायचा क्षण मागे-पुढे करून कितीदा बघितला असेल, डिफेंडर एक पाऊल जास्त मागे जाते आणि तेवढ्यात काम होतं.

जानेवारीत ओळीने पाच मॅच हरल्या तेव्हा पैसे वाया गेले असं वाटलेलं. मग 2 फेब्रुवारी 2025, क्लार्कची 22 नंबरची जर्सी रिटायर करायचा (तो नंबर पुढे कुणाला न देण्याचा) दिवस, ती स्वतः समोर बसलेली आणि पाहुणे कोण तर देशात चौथ्या नंबरची टीम यूएससी (सदर्न कॅलिफोर्निया युनिव्हर्सिटी), स्टार खेळाडू जूजू वॉटकिन्सवाली. आयोवाने 76-69 ने मारली, ओल्सनचे 28!

आणि इथेच तो एक स्टार गेला. आमच्याकडे ही मॅच मध्यरात्री, झोप लागली, सकाळी फोनला हात लावला नाही, ग्रुप म्यूट, कुणाला काही विचारलं नाही, संध्याकाळी चहा घेऊन मोठ्या थाटात बसलो आणि अ‍ॅप उघडलं तर रिप्लेच्याच फोटोवर मोठ्या अक्षरात स्कोअर!! अरे बाबांनो, रिप्ले बघायला आलेल्या माणसाला निकाल कशाला सांगता? स्कोअर लपवायचा ऑप्शन सेटिंगमध्ये सगळीकडे शोधला, नाही. कस्टमर केअरला लिहिलं तर उत्तर आलं की अ‍ॅप अपडेट करा. केलं. स्कोअर आणखी ठळक दिसायला लागला.

सर्चपण यथातथाच, महिलांची मॅच शोधली की आधी पुरुषांच्या येतात.

बाकी पिक्चर स्वच्छ, लाइव्ह क्वचित अडकतं. मार्चमध्ये नॅशनल टुर्नामेंटच्या पहिल्या राउंडला आयोवाने मरे स्टेटला 92-57 ने धुतलं ती मॅच सलग बघितली. पुढच्या राउंडला ओक्लाहोमाने 96-62 ने आमचाच निकाल लावला, तिथे मात्र दहा सेकंद पुढे जायचं बटण फार कामाला आलं, ते एकदम मस्त चालतं.