मज्जातंतूच्या दुखण्यावर बोटॉक्स: नकाशा नीट काढला तरच पैसे वसूल

नागिणीचे फोड सुकून महिने उलटले तरी सदरा नुसता घासला की आग होते, अशा रुग्णाने बोटॉक्सच्या (बोट्युलिनम टॉक्सिन या औषधाच्या) इंजेक्शनांचा विचार जरूर करावा. अशा दुखण्यावरच्या 2016 च्या एका चाचणीत ती 12 आठवड्यांच्या अंतराने दोनदा, प्रत्येक वेळी जास्तीत जास्त 300 युनिट दिली होती. हलक्या स्पर्शाने दुखणाऱ्यांना फायदा जास्त झाला. भाग बधिरच असेल तर फार आशा धरू नये. प्रीगॅबालिन, ड्युलोक्सेटिन या गोळ्या आणि लिडोकेन या बधिर करणाऱ्या औषधाचे पॅच वापरून झाल्यावरच याचा नंबर लागतो.

खरी कसोटी टोचणाऱ्याच्या हाताची. आधी कापसाने किंवा मऊ ब्रशने दुखऱ्या भागाची हद्द शोधून पेनाने आखायची, फोटो काढायचा, आणि मगच बधिर करणारं मलम लावून तासभर झाकून ठेवायचं. क्रम उलटला की हद्द सापडतच नाही. घाईत हीच चूक होते.

100 युनिटची बाटली प्रिझर्व्हेटिव्ह नसलेल्या 2 मिली सलाईनमध्ये विरघळवली की 0.1 मिलीत 5 युनिट येतात. सलाईन आपोआप आत ओढलं गेलं नाही तर बाटलीतली निर्वात पोकळी गेलेली असते. ती बाटली टाकून द्यावी. हलवायची हळुवार, खळखळून नाही. 1.5 सेंमी अंतरावर, 30 गेजच्या बारीक सुईने, त्वचेच्या आतच द्यायचं. प्रत्येक ठिकाणी छोटा फुगवटा दिसला पाहिजे. नाही दिसला तर सुई खोल गेली. तळहाताएवढ्या भागाला साधारण 40 टोचे, म्हणजे 200 युनिट. मलम लावूनही हे चांगलंच झोंबतं, रुग्णाला आधी सांगून ठेवावं.

फरक पडायला आठवडा-दोन आठवडे लागतात, तो टिकतो सुमारे तीन महिने. कारण हे औषध मज्जातंतूच्या टोकांतून ग्लुटामेट, सबस्टन्स पी यांसारखी वेदनेची रसायनं बाहेर पडू देत नाही. मुळातली इजा तशीच राहते. 12 आठवड्यांच्या आत पुन्हा घेऊ नये, प्रतिपिंडं तयार होऊन औषध निकामी ठरू शकतं.

चेहऱ्यावर दिलं तर ओठाचा कोपरा काही आठवडे उतरू शकतो. मायस्थेनिया ग्रेव्हिस (स्नायू पटकन थकून कमजोर होण्याचा आजार) असलेल्यांनी यापासून लांबच राहावं. गिळायला किंवा श्वास घ्यायला त्रास झाला तर थेट इस्पितळ गाठावं, मग टोचून दोन आठवडे झाले असले तरी.

आणि डिस्पोर्ट या दुसऱ्या ब्रँडची युनिटं म्हणजे बोटॉक्सची युनिटं नव्हेत. कागदावर ब्रँडचं नाव लिहून घ्या.